मधपेटीतील दाटी व तिचे व्यवस्थापन

फुलोरा वाढू लागला की मधमाश्यांच्या वसाहतीत अंडी, अळ्या, कोश आणि नव्या कामकरी माश्या यांची संख्या इतक्या वेगाने वाढते की राणीला अंडी घालण्यासाठी पोळ्यात रिकामी घरे उरत नाहीत. या अवस्थेस पेटीतील दाटी म्हणतात. वेळीच उपाय न झाल्यास जुनी राणी सुमारे निम्म्या किंवा त्याहून अधिक माश्यांसह पेटी सोडते व त्या हंगामाचे मधाचे उत्पन्न बुडते. समशीतोष्ण प्रदेशात ही वेळ हिवाळा सरल्यावर येते. ठाणे व नवी मुंबई परिसरात मात्र माश्यांचा खडतर काळ म्हणजे पावसाळा. दिवाळीनंतर वसाहती सावरतात आणि आंब्याचा मोहोर, शेवगा, काटेसावर फुलू लागले की झपाट्याने भरतात.

दाटी म्हणजे केवळ जागेची टंचाई नव्हे. राणीच्या जबड्यातील ग्रंथींतून स्रवणारे द्रव्य माश्यांकडून माश्यांकडे पसरत असते व त्यामुळे नवी राणी वाढवण्याची प्रवृत्ती दबलेली राहते. गर्दी वाढली की ते सर्वांपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. त्यातच पिल्लांची (अळ्या व कोशांची) घरे रिकामी होताच कामकरी माश्या त्यांत मकरंद भरतात. म्हणून वर मधकोठी (मध साठवण्याचा पेटीचा वरचा कप्पा) चढवली की काम झाले, ही समजूत अपुरी आहे. वरची कोठी निम्मी रिकामी असतानाही खालची पिल्लांची कोठी कोंडलेली असू शकते.

या भागात पेटीत पाळल्या जाणाऱ्या सातेरी माशीची वसाहत युरोपीय मेलिफेरापेक्षा लहान असते, परंतु पेटी सोडून जाण्याची तिची प्रवृत्ती अधिक असते. पहिली चाहूल नरांच्या घरांवरून लागते: पोळ्याच्या खालच्या भागातील ही घरे उंचवटेदार झाकणांनी बंद होतात आणि सातेरीच्या प्रत्येक झाकणाच्या मध्यभागी सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते. त्यानंतर पोळ्याच्या खालच्या कडेला राणीची लोंबती घरे, म्हणजे नव्या राण्या वाढवण्याची घरे, तयार होतात. अंडे घातल्यापासून सुमारे आठव्या दिवशी राणीचे घर बंद होते आणि जुनी राणी बहुधा त्याच सुमारास बाहेर पडते. म्हणून हंगामात दर आठवड्यास पेटी उघडून पाहणे आवश्यक ठरते.

प्रारंभीच्या अवस्थेत मधाने भरलेल्या चौकटी (पोळे धरणाऱ्या लाकडी चौकटी) पिल्लांच्या भागातून काढून त्या जागी रिकामी बांधलेली पोळी देतात आणि मधकोठी गरज भासण्यापूर्वीच चढवतात. राणीची घरे नुसती मोडणे हा उपाय नव्हे: गर्दी तशीच राहिल्यास माश्या ती पुन्हा बांधतात, आणि चौकटीच्या कोपऱ्यात एखादे नजरेतून सुटतेच. मोठ्या मेलिफेरा वसाहतींसाठी अमेरिकेतील जॉर्ज डेमरी यांनी १८९२ मध्ये सुचवलेली रीत वापरतात. तीत राणीला रिकाम्या पोळ्यांसह खाली ठेवून पिल्लांच्या चौकटी राणीरोधक जाळीच्या (जिच्यातून कामकरी माश्या जातात, पण राणी जाऊ शकत नाही) वर नेतात. राणीची घरे बांधून झाली असतील, तर वसाहतीचे विभाजन करणेच श्रेयस्कर. जुन्या राणीला पिल्लांच्या काही चौकटींसह नव्या पेटीत हलवतात व मूळ पेटीत राणीची एकदोन उत्तम घरे ठेवतात. चरायला जाणाऱ्या माश्या जुन्याच जागी परततात, त्यामुळे हलवलेल्या पेटीला झाकणबंद घरांतील पिल्लांची चौकट व भरपूर तरुण माश्या द्याव्या लागतात.

एप्रिल-मे महिन्यांत पेटीच्या दाराबाहेर माश्यांचा झुबका लोंबताना दिसला, तरी तो दाटीचाच पुरावा असतो असे नाही. पिल्लांच्या भागाचे तापमान सुमारे ३३ ते ३५ अंश सेल्सिअस राखावे लागते; खाडीकाठच्या दमट रात्री आत उकाडा वाढला की माश्या बाहेर येऊन बसतात. अशा वेळी सावली, जवळ पाणी व हवेचा झोत पुरेसा असतो. राणीची घरे न तपासता या झुबक्यावरून विभाजन करणे म्हणजे चांगली वसाहत विनाकारण दुबळी करणे होय.

दाट वस्तीत या कामाला आणखी एक बाजू आहे. सुटलेला थवा सोसायटीच्या खिडकीच्या जाळीवर किंवा गच्चीच्या टाकीखाली विसावतो आणि भीतीपोटी त्यावर विषारी फवारा मारला जातो. वास्तविक पोटात मध भरून निघालेला सातेरीचा थवा सहसा डंख मारत नाही, आणि जाणकार मधपाळ तो सहज रिकाम्या पेटीत घेतो. उंच इमारतींना लटकणारे आग्या माश्यांचे मोहोळ मात्र वेगळे. ती माशी पेटीत राहत नाही व तिला डिवचणे धोक्याचे असते.

मे महिन्याच्या अखेरीस दुबळ्या राहिलेल्या विभाजित वसाहती पावसाळ्यासाठी एकत्र करतात. निकृष्ट राणी काढून दोन पेट्या एकावर एक ठेवतात व मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालतात. माश्या तो कुरतडेपर्यंत दोन्ही वसाहतींचा गंध मिसळतो व मारामारी टळते.