मांजर घराला लागतं म्हणे

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ससून डॉक ओस पडतो. बोटी नांगरलेल्या, बर्फाच्या गाड्या नाहीत, लिलावाचा ओरडा नाही. माझ्या नेहमीच्या कोळीण मावशींना एकदा विचारलं, तुमच्या पाटीशी बसणारी मनी या दिवसांत काय करते? मावशी म्हणाल्या, "काय करणार? माझ्या मागनं घरी येते. डाळभात पण खाते."

कुत्रं माणसाला लागतं आणि मांजर घराला, म्हणजे कुत्र्याला लळा माणसाचा आणि मांजराला नुसत्या जागेचा, असं आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. मला ते कधी पटलं नाही. मांजराचा इतिहास, त्यातही जहाजांवरच्या मांजरांचा, पाहिला की हे म्हणणं फारच लंगडं वाटतं.

हा इतिहास होडीपासूनच सुरू होतो. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाचा सांगाडा मिळाला आणि त्याच्यापासून अवघ्या चाळीसेक सेंटिमीटरवर आठएक महिन्यांच्या मांजराचा. या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच. म्हणजे कोणीतरी समुद्र ओलांडून ती आणली होती. ते मांजर पाळीव म्हणायचं की माणसाळलेलं रानमांजर, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण इतक्या जवळ, इतक्या निगुतीनं पुरलेला प्राणी कोणाचा तरी लाडका असणार, एवढं मी तरी धरून चालतो.

मांजराचे पूर्वज आफ्रिकेतल्या आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या, वाळवंटी मुलखातले. धान्याच्या कोठारांत उंदीर आले आणि उंदरांमागोमाग मांजरं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. वाळवंटातल्या या प्राण्याचं समुद्रावर इतकं बरं कसं जमलं, याचं उत्तर त्याच्या मूत्रपिंडात आहे. मांजराचं मूत्रपिंड लघवी फार दाट करतं आणि शरीरातलं पाणी वाचवतं. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की नुसत्या मासळीतल्या किंवा मांसातल्या ओलाव्यावर मांजराची पाण्याची गरज भागू शकते. गोडं पाणी मोजून प्यायच्या जहाजावर याहून सोयीचा सोबती कुठला? शिवाय दोर कुरतडणारे, शिध्यावर ताव मारणारे उंदीर तो खात होता.

आपल्या किनाऱ्याशीही याचा धागा जुळतो. लोकलच्या पाटीवर आपण रोज वाचतो त्या कल्याण आणि नालासोपारा या गावांची नावं इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात बंदरं म्हणून येतात. तांबड्या समुद्रावरच्या, इजिप्तमधल्या बेरेनिके बंदरातून जहाजं या किनाऱ्याकडे येत. त्या बेरेनिकेत पाळीव प्राण्यांची दफनभूमी सापडली आहे. साडेपाचशेहून जास्त प्राणी, त्यांतली बहुतेक मांजरं. कुणाच्या गळ्यात लोखंडी पट्टा, कुणाच्या गळ्यात मण्यांची माळ. तिथे भारतातून नेलेली माकडंही पुरलेली आहेत. नुसते उंदीर मारायला ठेवलेल्या जनावराच्या गळ्यात मण्यांची माळ कोण घालील?

आता ट्रिमची गोष्ट. १७९९ साली जहाजावरच जन्मलेला हा काळा-पांढरा बोका. पिल्लू असताना समुद्रात पडला, पोहत आला आणि दोराला धरून वर चढला. मॅथ्यू फ्लिंडर्स या दर्यावर्द्यानं ऑस्ट्रेलियाला पूर्ण वळसा घातला, तेव्हा ट्रिम त्याच्यासोबत होता. १८०३ साली त्यांचं जहाज प्रवाळाच्या खडकावर फुटलं आणि खलाशी वाळूच्या एका उघड्या पट्ट्यावर अडकले. ट्रिमही तिथेच होता. घर बुडालं होतं, उरली होती ती माणसं. पुढे फ्रेंचांनी फ्लिंडर्सला मॉरिशसला कैदेत ठेवलं आणि तिथे ट्रिम नाहीसा झाला. कैदेतच फ्लिंडर्सनं त्याच्यावर लेख लिहिला. तो वाचताना जाणवतं, हा माणूस मित्राला रडतो आहे.

दुसरा बोका सायमन. तो हाँगकाँगच्या गोदीत १९४८ मध्ये एका कोवळ्या खलाशाला सापडला. ॲमेथिस्ट या ब्रिटिश युद्धनौकेवर तो कप्तानाच्या टोपीत झोपायचा. २० एप्रिल १९४९ रोजी चीनमधल्या यांगत्से नदीत या नौकेवर तोफगोळे पडले. कप्तानाला जीवघेण्या जखमा झाल्या. सायमनच्या मिशा जळल्या, अंगात गोळ्याचे तुकडे घुसले. तो रात्र काढेल असं कुणाला वाटत नव्हतं. पण तो उठला आणि उंदरांच्या मागे लागला. नौका शंभरावर दिवस नदीत अडकली होती, शिधा संपत आला होता, त्यामुळे उंदीर मारणं म्हणजे माणसं जगवणं होतं. आणि मग तो जखमी पोरांच्या बिछान्यावर जाऊन बसायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

याला नुसती भावनिक कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन इथल्या संशोधकांनी मांजरांची पिल्लं त्यांच्या माणसासोबत अनोळखी खोलीत ठेवली, दोन मिनिटं एकटी सोडली आणि माणसाला परत आत पाठवलं. सुमारे ६४ टक्के पिल्लं माणूस दिसताच निवांत झाली, थोडी त्याच्याजवळ, थोडी खोलीत फिरू लागली. खोली तीच होती, फरक एवढाच की त्यांचा माणूस परत आला होता. तान्ह्या मुलांत हे प्रमाण जवळपास तेवढंच मिळतं. शिवाय मोठी मांजरं आपापसांत फारसं म्याव करत नाहीत. ते म्याव मुख्यतः आपल्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

सायमन इंग्लंडला पोचला आणि नियमाप्रमाणे त्याला विलगीकरणात ठेवलं. २८ नोव्हेंबर १९४९ रोजी तो तिथेच मेला. युद्धात कामगिरी बजावणाऱ्या प्राण्यांसाठीचं डिकिन पदक त्याला मरणोत्तर मिळालं. ते मिळालेलं तो आजवरचं एकमेव मांजर आहे.

ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा निघाल्या. मी डॉकवर गेलो तेव्हा मावशी बोंबलांचे वाटे लावत होत्या आणि मनी त्यांच्या पाठीशी, मासळीकडे तोंड न करता, अंग टेकून झोपली होती.