राखुंडी ते टायर : भाताच्या तुसाची पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरकडे भाताच्या गिरणीमागे तुसाचा ढीग पडलेला दिसतो. मूठभर हातात घेऊन चोळा, तळहाताला खरखरीत लागतं. गुरंही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. भाताचं रोप मुळांतून पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ, ओढून घेतं आणि दाण्याच्या टरफलात साठवतं. ही सिलिका मुळांत आत घेणारं जनुक जपानी संशोधकांना 2006 साली सापडलं. 100 किलो भात भरडलं की साधारण 20 किलो तूस निघतं. ते जाळलं की उरते जेमतेम 4 किलो राख. नीट जळलेली असेल तर तिच्यात 85 ते 95 टक्के सिलिका.

आपल्या आज्या तुसाच्या राखुंडीनं दात घासायच्या. आज पुष्कळशा टूथपेस्टमध्ये घासायचं काम सिलिकाच करते. राखुंडीनं दात झिजायचे, ती गोष्ट वेगळी.

1962 साली कारखान्यांसाठी जागा देणारी एमआयडीसी आली, आधी ठाण्यात वागळे इस्टेट आणि मग ठाणे-बेलापूर पट्टा. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि खाडीकाठची भातखाचरं हळूहळू तिच्या नोडांखाली, म्हणजे वसाहतींखाली गेली. रसायन उद्योगाला सिलिका लागायची, पण ती मिळवायची रूढ रीत वाळूची : वाळू आणि सोडा अ‍ॅश 1300 अंशांच्या वर वितळवायची आणि पुढे आम्लानं सिलिका खाली बसवायची. तुसाकडे कोण बघतो!

बघितलं ते 1970च्या दशकात, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले सिमेंटतज्ज्ञ पी. कुमार मेहता यांनी. खरी मेख आचेत आहे. साधारण 700 अंशांच्या आत सावकाश जाळलं तर सिलिका स्फटिक न बनता सच्छिद्र राहते आणि सिमेंटात चुन्याशी चटकन जुळते. आच भडकली की स्फटिक होतात, मग राख मंद पडते आणि तिची धूळ फुफ्फुसांना घातक ठरते. चांगली राख कॉस्टिक सोड्यात पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपासच विरघळते. वाळूसारखी भट्टी लागत नाही. अशीच सिलिका टायरच्या रबरात वापरणार असल्याचं गुडइयर या अमेरिकन टायर कंपनीनं 2014 साली जाहीर केलं.

आपल्याकडे तुसाला जुनं गिऱ्हाईक आहेच : वीटभट्टी. तिथे आचेला धरबंध नसतो, राख मातीत मिसळून जाते. शिवाय तूस लांब न्यायचं म्हणजे वाहतूकच अंगावर येते. एका घनमीटरात जेमतेम 100 किलो मावतं. ट्रक ताडपत्रीपर्यंत फुगलेला आणि काट्यावर मात्र हलका.