पालकत्व रजेचे पैसे: जर्मनी, स्वीडन, कॅनडात अर्ज नेमका कुठे अडकतो

रजा मंजूर झाली म्हणजे पैसेही सुरू होणार असं धरून बसू नका. रजा कंपनीकडून घ्यायची, पैशांचा अर्ज सरकारकडे वेगळा, आणि अडकतो तो हा दुसरा.

जर्मनीतलं एल्टर्नगेल्ड, म्हणजे रजेवरच्या पालकांना मिळणारा सरकारी भत्ता, २००७ पासून आहे. बहुतेकांना निव्वळ पगाराच्या ६५ ते ६७ टक्के, महिन्याला ३०० ते १८०० युरो. एकाला जास्तीत जास्त १२ महिने, दोघांनी घेतलं तर मिळून १४, पण प्रत्येकाने किमान २ घ्यायलाच हवेत. आणि इथला महिना कॅलेंडरचा नाही, बाळाचा! १४ तारखेचा जन्म असेल तर महिना १४ ते १३. एका बाबाचा फॉर्म मी पाहिला, बाळ १४ चं आणि रजा घेतली १ मे ते ३० जून, मग बाळाच्या महिन्यांत दोन्ही टोकांना पडलेला पगार हिशोबात धरला गेला आणि रक्कम खाली आली. सरकारी भाषेत 'महिना' म्हणजे वेगळंच काहीतरी आणि चूक मात्र नवख्या आईबापांची, हे मला अजिबात पटत नाही.

कागदांत जन्मदाखला, पगाराच्या स्लिपा, हे जमतं. अडतं ते आरोग्य विम्याकडून येणाऱ्या प्रसूती भत्त्याच्या दाखल्यापाशी, लोक त्याची वाट बघत अर्जच पाठवत नाहीत. असं करू नका हो, अर्जाआधीच्या फक्त ३ महिन्यांचेच पैसे मागून मिळतात, अर्ज आधी द्या, दाखला मागून जोडा. जुन्या मित्रांचा सल्लाही तपासून घ्या: १ एप्रिल २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी दोघांना एकाच वेळी भत्ता घेता येतो तो फक्त एक महिना (जुळी वगैरे अपवाद), आणि १ एप्रिल २०२५ पासूनच्या बाळांना करपात्र उत्पन्न १,७५,००० युरोच्या वर असेल तर काहीच नाही.

स्वीडनमध्ये दोघांना मिळून ४८० दिवसांचा भत्ता, त्यातले ९०-९० प्रत्येकाचे राखीव, एकमेकांना देता येत नाहीत. पण प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी सलग २४० दिवस कमाई चालू राहिलेली नसेल तर पहिले १८० दिवस रोज २५० क्रोनाच. नुकतीच नोकरी लागलेल्यांनी हे आधी मोजा.

कॅनडात (क्वेबेकची योजना वेगळी) मागच्या ५२ आठवड्यांत कामाचे ६०० तास भरलेले हवेत. मग निवड: पगाराच्या ५५ टक्के दराने कमी आठवडे, की ३३ टक्के दराने जास्त आठवडे. पालकत्वाचा पहिला हप्ता जमा झाला की पर्याय बदलत नाही, आणि दोघांना एकच घ्यावा लागतो, त्यामुळे फॉर्मवर टिक करायच्या आधी दोघांनी बसून एका कागदावर हिशोब मांडा.