हाफ इंजिन की फुल इंजिन, आणि कापलेली स्प्रिंग की लोअरिंग स्प्रिंग

गोव्यात जुनी वॅगन, म्हणजे मागे डिकीपर्यंत लांब छप्पर असलेली गाडी, सांभाळणारी माणसं थोडीच, पण जी आहेत ती जीव लावून सांभाळतात. कुणाच्या दारात बलेनो अल्टुरा, कुणाकडे इंडिगो मरीना, एखाद्याकडे अजून टाटा इस्टेट झाकून ठेवलेली. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवाचं सामान, फळं, नारळ, वर घरची चार माणसं, हे सगळं एका फेरीत नेणारी गाडी कुणी सहजासहजी विकत नाही. पण वीस-पंचवीस वर्षं झाली की दोन विषय निघतातच, एक म्हणजे इंजिन उघडायचं आणि दुसरा म्हणजे उघडलीच आहे तर गाडी जरा खाली पण घेऊया. आणि दोन्हीकडे एकच घोळ होतो. दोन वेगळी कामं, पहिला महिनाभर अगदी सारखी दिसतात, बिलात मात्र बराच फरक, मग माणूस साहजिकच स्वस्तातलं उचलतो. माझं म्हणणं एवढंच की कुठलं काम करायचं ते पैशावरून ठरवू नका, मापावरून ठरवा. माप घ्यायला फार खर्च येत नाही.

आधी इंजिन. हाफ म्हणजे हेड, इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवून केलेलं काम. व्हॉल्व्ह घासायचे, व्हॉल्व्ह सील आणि लागलेच तर गाइड बदलायचे, हेडचा फेस मारून घ्यायचा, नवीन गॅस्केट टाकायचं, आणि बरेच मेस्त्री त्यातच खालचा चेंबर (तळाचा ऑइलचा डबा) काढून पिस्टन वरून बाहेर घेतात आणि पिस्टनभोवतीच्या रिंगा पण बदलून देतात. इंजिन गाडीतच राहतं आणि क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याला, कुणी हात लावत नाही. फुल म्हणजे इंजिन बाहेर, ब्लॉक रिकामा, क्रँक बाहेर, सगळं मायक्रोमीटर लावून मोजलेलं, आणि जे झिजलंय ते लेथवर नीट केलेलं किंवा नवीन घातलेलं. "दादा, रिंगा घालूया, फुलच होतं ते" असं कुणी म्हणालं तर ते फुल नव्हे. रिंगा घातलेलं हाफ, ते हाफच.

आता तुमच्या गाडीला कुठलं लागतं? निळा धूर दिसतोय म्हणजे ऑइल जळतंय एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण तो धूर कधी येतो ते बघायला हवं आणि त्यासाठी आपल्याकडे घाट आहेत. चोर्ला उतरून केरीकडे या, गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून. पेट्रोल गाडीत अशा वेळी थ्रॉटल बंद असतो, इनटेकमध्ये व्हॅक्यूम खूप वाढतो आणि व्हॉल्व्ह सील कडक झालेले असले तर त्यांच्या कडेनं ऑइल आत ओढलं जातं. खाली सपाटीला आल्यावर पाय दाबला आणि आरशात निळा गोळा दिसला, मग पुढे साफ, तर दोष बहुतेक वर आहे, सील आणि गाइड. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्ट करताना एकदाच धूर टाकते, ते पण सीलचंच लक्षण. आता तीच गाडी चढवा. चढताना लोडवर धूर थांबतच नसेल, ऑइल भरायची नळी उघडल्यावर आतून फुसफुस वाफ येत असेल, तर रिंगा आणि बोअर (ज्यात पिस्टन सरकतो ती सिलिंडरची नळी) गेलेत. आणि गरम इंजिन आयडलिंगला असताना ऑइलची लाल लाइट लुकलुकत असेल, खालून जड ठकठक येत असेल, तर मग बेअरिंग आणि क्रँकचा विषय आहे, तिथे हाफचं नावच काढू नका.

कानावर आणि डोळ्यावर भागलं नाही तर कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, स्टार्टर फिरवायचा आणि चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्यायचे. नुसता एक आकडा बघून काही कळत नाही, चारांत आपसात किती फरक आहे ते महत्त्वाचं, दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक गेला की काहीतरी आहे. मग जो सिलिंडर कमी दाखवतोय त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत टेस्ट करायची. आकडा चढला तर रिंगा, कारण ऑइलने तेवढ्यापुरती फट भरली. आकडा जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्रच कमी असतील तर दोघांच्या मधलं हेड गॅस्केट आधी बघा. ही टेस्ट करायला अर्धा तास लागतो आणि हजारो रुपयांचा प्रश्न सुटतो, तरी ती न करताच इंजिन उघडणारे बरेच आहेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हेड उतरलं की स्वतः जाऊन बघा, मेस्त्रीवर सोडून घरी बसू नका. बोअरच्या भिंतीवरून अंगठ्याचं नख वरच्या बाजूला सरकवत न्या. वरची रिंग जिथपर्यंत येते तिथे नख एका कडेला अडकतं. त्या कडेच्या वर रिंग कधी पोचलीच नाही म्हणून तिथे मूळ माप शिल्लक आहे आणि खाली सगळं घासलंय. नख जेमतेम जाणवण्याइतकं अडलं आणि भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे बारीक घासणीच्या, तिरक्या जाळीच्या रेषा अजून दिसतात तर बोअर गेजने खात्री करून, होन मारून नवीन रिंगा चालतील. नख ठक्कन अडकलं, भिंत आरशासारखी गुळगुळीत, तर त्यात नवीन रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात. बोअर वर रुंद आणि खाली अरुंद झालेला असतो, शिवाय गोल न राहता लंबगोल झालेला असतो, आणि नवी गोल रिंग त्यात कशी बसणार.

आपल्या भागात हे जास्त दिसतं त्याला एक कारण आहे. २०१२ मध्ये खाणी बंद व्हायच्या आधी साखळी, डिचोली, उसगाव या पट्ट्यात ज्या गाड्या रोज खनिजाच्या ट्रकांच्या मागून फिरल्या त्यांनी किती लाल धूळ खाल्ली असेल विचार करा. एअर फिल्टरच्या डब्याचा क्लिप तुटलेला किंवा रबरी होजला चीर असली की ती धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते आणि वरची रिंग आणि बोअरचा वरचा भाग पॉलिश पेपर मारल्यासारखा खाते. त्यामुळे जुनी खाणपट्ट्यातली गाडी घेतली असेल तर मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका, होजच्या आतून बोट फिरवा, लाल आलं की समजायचं.

फुल करायचं ठरलं तर क्रम महत्त्वाचा. आधी पिस्टन हातात घ्या, मग बोअर मारायला द्या. ओव्हरसाइज पिस्टन साधारण ०.२५ आणि ०.५० मिलिमीटरच्या टप्प्यांत येतात, पण जुन्या वॅगनचे सगळे साइज मिळतातच असं नाही, ब्लॉक ०.२५ ला मारून ठेवला आणि बाजारात फक्त ०.५० मिळाला की परत लेथ. शिवाय बोअर नुसत्या साइजला मारायचा नसतो, हातातल्या पिस्टनचं माप घेऊन त्याला कंपनीने सांगितलेला क्लिअरन्स ठेवून मारायचा असतो, आणि तो मिलिमीटरच्या काही शतांशांत असतो. आपल्याकडचे बरेचजण ब्लॉक आणि क्रँक बेळगाव नाहीतर कोल्हापूरला नेतात, दोन्ही फाउंड्री आणि मशीनकामाची गावं, तिकडे हात बसलेले कारागीर आहेत. न्या, पण मापांचा कागद मागून घ्या. रिंग घालायच्या आधी एकेक रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची. बोअरच्या दर इंचाला चार थाउ (इंचाचे हजारावे भाग) हा जुना ठोकताळा, म्हणजे अल्टुराच्या ७५ मिलिमीटर बोअरला साधारण ०.३० मिलिमीटर, नेमकं माप मॅन्युअलचं धरा. फट कमी पडली तर रिंग तापून फुगली की टोकं भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते.

एक गोष्ट इथेच सांगतो. भंगारातून आणलेलं दुसरं इंजिन बसवणं हा तिसराच प्रकार आहे, त्याला रिबिल्ड म्हणू नका. ब्लॉक तोच राहिला तर इंजिन नंबर तोच राहतो, ब्लॉक बदलला तर नंबर बदलतो आणि त्यासाठी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. पंधरा वर्षांनंतर रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करताना गाडी दाखवावी लागते, तेव्हा नंबर जुळला नाही तर गाडी दारातच राहील.

आणि नवीन इंजिन "एकदम हळू चालव" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. फार वेळ आयडलिंगला ठेवू नका, एकाच स्पीडला लांब जाऊ नका, जास्त फिरवू नका, पण मध्यम लोड द्या, वेग वाढवा आणि गिअरमध्येच कमी होऊ द्या, रिंगा बोअरशी बसतात त्या याच प्रेशरमुळे. पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला.

आता स्प्रिंग. खाली बसलेली वॅगन उभी बघायला सुंदर दिसते हे मला पण मान्य आहे, लांब छप्पर आणि चाकं कमानीत भरलेली. पण खाली आलेली गाडी तीन कारणांनी खाली असू शकते. जुनी स्प्रिंग थकून बसलेली, स्प्रिंगचा वेढा कापलेला, किंवा खरी लोअरिंग स्प्रिंग. थकलेली स्प्रिंग नुसती आखूड होते, तिचा कडकपणा जवळपास तोच राहतो, म्हणून गाडी मऊच चालते आणि खड्ड्यात धाडकन बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शन शेवटाला अडवणाऱ्या रबरावर, आदळते. सपाट लादीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेप लावा, डावं-उजवं सारखं नसेल तर ते लोअरिंग नाही, ते म्हातारपण. किनाऱ्याकडच्या, मोरजी-कळंगुटच्या गाड्यांची स्प्रिंग ज्यात बसते त्या खालच्या वाटीत पाणी आणि खारी हवा साचून शेवटच्या वेढ्यात तुटलेली पण सापडते, बाहेरून कळतसुद्धा नाही.

कापलेली आणि लोअरिंग या दोघींतच लोक जास्त फसतात. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा चालू, म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या, वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो, म्हणजे सहा चालू वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के कडक होते. "मग कापली तरी कडक होतेच की" असं म्हणतात, होते, पण त्यावर पुढचं सगळं बिघडतं. ग्राइंडरने कापलेलं टोक हातात घेऊन बघा, तिरकं, धारदार, वाटीत सपाट न बसणारं. मूळ स्प्रिंगचं टोक वाटीच्या घडणीत बसेल असं वळवलेलं असतं. आणि कापलेली स्प्रिंग इतकी आखूड होते की जॅक लावून चाक लोंबलं की ती जागेवर सैल खुळखुळते, रस्त्यावर चाक हवेत गेलं की सरकून चुकीची बसू शकते. काहीजण गॅसने तापवून बसवतात, त्याने तर पोलादाचं टेंपरच जातं, ते करूच नका. खरी लोअरिंग स्प्रिंग आखूड असते, कडक असते, टोकं नीट घडवलेली असतात, आणि चाक पूर्ण लोंबलं तरी वाटीत धरून राहते. ती परीक्षा घरच्या घरी होते, चाक उचला आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा.

पण नुसती चांगली स्प्रिंग आणून भागत नाही. शॉकअप जुन्या मऊ स्प्रिंगच्या हिशेबाचा असतो, कडक स्प्रिंगला तो आवरू शकत नाही, गाडी एकदा उडाली की दोन-तीनदा डुलते. अल्टुरासारख्या मॅकफरसन स्ट्रटच्या गाडीत (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात) अजून एक आहे. गाडी खाली आली की लोअर आर्मचे कोन बदलतात आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी वळणावर ज्या बिंदूभोवती कलते तो, बॉडीपेक्षा जास्त खाली जातं, म्हणून फार खाली नेलेली गाडी वळणावर उलट जास्त कलंडायला बघते, कडक स्प्रिंगने ते फक्त झाकलं जातं. साधारण ३० मिलिमीटरपर्यंत मी समजू शकतो, त्याच्या पुढे नाही. काम झालं की अलाइनमेंट आणि हेडलाइटची उंची दोन्ही करायचीच. आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचून घ्या, कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळेनाशी होईल असा बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच धरून निकाल दिला. आधी आरटीओत विचारून मगच हात घाला.

वॅगनचं तर वेगळंच आहे, तिचं सगळं वजन मागे भरतं. रिकामी असताना मस्त दिसणारी गाडी पाच माणसं आणि सामान घेऊन निघाली की मागून बंप स्टॉपवर टेकलेलीच चालते.

आणि इथे स्प्रिंगचा विषय परत इंजिनाकडे जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, गावातला घरासमोरचा तेवढाच उंच पण हातभर रुंद असतो, त्यावर चेंबर घासतो. चेंबर फुटून ऑइल गळलं तर निदान दिसतं तरी. नुसता आत दबला तर काहीच दिसत नाही, पण ऑइल पंपाची जाळी चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते, पत्रा तिला जाऊन टेकला की ऑइल ओढायला जागा राहत नाही, वळणावर आणि जास्त आरपीएमला प्रेशर पडतं आणि बेळगावहून मापं घेऊन आणलेली क्रँक आणि नवीन बेअरिंग काही किलोमीटरमध्ये खलास. म्हणून फुल इंजिन केलेल्या गाडीला स्प्रिंग घालायच्या आधी गाडीत घरची माणसं बसवा, मागे नेहमीचं सामान टाका, आणि चेंबरच्या सगळ्यात खालच्या जागेपासून लादीपर्यंत टेप लावा. त्यातून जेवढं खाली न्यायचंय तेवढं वजा करा. उरलेला आकडा तुमच्या वाड्यावरच्या सगळ्यात वाईट स्पीडब्रेकरपेक्षा चांगला मोठा नसेल तर स्प्रिंग मूळ मापाचीच नवीन घाला, शॉकअप नवीन घाला, तेवढ्यानेच थकलेली वॅगन रस्त्यावर सरळ आणि घट्ट चालायला लागते.