बालसंगोपन सेवा

ज्या मुलांना आईवडील नाहीत, किंवा आहेत पण त्यांच्याजवळ राहणे धोक्याचे आहे, अशा मुलांचा आणि तरुणांचा रोजचा सांभाळ, संरक्षण आणि आधार यांची व्यवस्था म्हणजे बालसंगोपन सेवा. बालगृहे, आठ-दहा मुलांची छोटी समूहगृहे, परक्या मुलाला काही काळ आपल्या घरी सांभाळणारी प्रतिपालक कुटुंबे, आजी-मावशी-काका यांच्याकडे कायदेशीरपणे सोपवलेली मुले आणि अठरा वर्षे पूर्ण करून बाहेर पडलेले तरुण हे सगळे तिच्या कक्षेत येतात. दत्तकविधान यात धरत नाहीत. दत्तक गेलेले मूल कायद्याने दुसऱ्या घरचे होते. संगोपनात असलेल्या मुलाचे मूळ घराशी नाते कायम असते, निदान कागदोपत्री तरी.

या मुलांना सरसकट अनाथ म्हणायची सवय सगळीकडे आहे आणि ती चुकीची आहे. संस्थांमध्ये राहणाऱ्या बहुतेक मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात असतो. मूल घराबाहेर येते ते मारहाण, लैंगिक अत्याचार, आबाळ, पालकांचे व्यसन, मानसिक आजार, तुरुंगवास, युद्ध, स्थलांतर अशा कारणांनी. अपंग मुलांच्या बाबतीत पुष्कळदा केवळ घरच्यांना मदत न मिळाल्यामुळे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने (१९८९) विसाव्या कलमात अशा मुलांना विशेष संरक्षणाचा हक्क दिला. २००९ मध्ये आमसभेने पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांत दोन प्रश्न क्रमाने विचारायला सांगितले आहेत: या मुलाला घरापासून दूर करणे खरोखर गरजेचे आहे का, आणि असेल तर याच मुलाला कोणती जागा योग्य? केवळ गरिबी हे मूल काढून घेण्याचे कारण होऊ शकत नाही, असेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. प्रत्यक्षात पहिला प्रश्न बऱ्याचदा विचारलाच जात नाही, कारण घराला मदत पुरवण्यापेक्षा मुलाला खाट देणे यंत्रणेला सोपे जाते.

विचारांची वाटचाल

अनाथालये जुनी आहेत. मुलाला अन्न-वस्त्र-निवाऱ्यापलीकडे काय लागते याचा पद्धतशीर विचार त्यामानाने अलीकडचा. वॉर्सामध्ये यानुश कोर्चाक या डॉक्टरांनी १९१२ पासून ज्यू अनाथ मुलांचे घर चालवले. तिथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते आणि त्यासमोर मोठ्यांवरही तक्रार करता येत असे. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी त्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले तेव्हा कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले. मुलाचे ऐकून घेणे हा त्याचा हक्क आहे हे तत्त्व पुढे बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात आले.

मनोविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची तुलना केली. एका अनाथालयात स्वच्छता, आहार, वैद्यकीय देखरेख सगळे चोख होते, पण एकेका परिचारिकेकडे अनेक बाळे. दुसरे ठिकाण म्हणजे स्त्रियांच्या तुरुंगातले पाळणाघर, जिथे कैदी आया आपापल्या बाळांना सांभाळत. तुरुंगातली बाळे नीट वाढली. अनाथालयातली वाढीत मागे पडत गेली आणि पुढच्या पाहणीपर्यंत त्यांतली एक-तृतीयांशाहून अधिक दगावली. १९५१ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालाने हा मुद्दा धोरणकर्त्यांपर्यंत नेला: लहान मुलाला एका माणसाशी ऊबदार, सलग नाते लागते. बोल्बींनी आईवर दिलेला अतिरेकी भर नंतर बराच सैल झाला. सलगतेचा मुद्दा मात्र टिकला.

हा धडा संस्थेच्या आतही गिरवता येतो हे बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी बुडापेस्टमध्ये १९४६ साली सुरू केलेल्या शिशुगृहात दिसले. तिथली शिस्त साधी होती. बाळाला अंघोळ घालताना, कपडे बदलताना घाई नाही. आता तुझा हात बाहीत घालते, असे सांगून सांभाळणारी थांबे आणि बाळाने हात पुढे करण्याची वाट पाही. भरवण्याचा क्रम रोज तोच ठेवत, म्हणजे आपली पाळी कुणानंतर येते हे बाळाला कळे आणि वाट पाहणे सुसह्य होई. ऑस्ट्रियात हेर्मान ग्माइनर यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या बालग्राम कल्पनेत याच गरजेला वेगळे उत्तर होते: एका घरात काही मुले आणि त्यांची कायमची एक आई.

सर्वांत ठाम पुरावा रुमानियातून आला, आणि तो फार मोठी किंमत मोजून आला. तिथल्या हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली. नको असलेली किंवा न परवडणारी मुले सरकारी संस्थांत येत राहिली. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा तिथे एक लाखाहून अधिक मुले होती. २००० नंतर बुखारेस्टमध्ये अमेरिकी संशोधकांनी संस्थांतल्या १३६ बाळांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्यांना खास तयार केलेल्या प्रतिपालक कुटुंबांत पाठवले. कुटुंबांत गेलेली मुले बुद्धिमत्ता, भाषा आणि जिव्हाळ्याचे नाते जोडण्याची क्षमता या बाबतींत पुढे गेली. साधारण दोन वर्षांच्या आत गेलेली सर्वाधिक. उरलेली निम्मी मुले संस्थेत राहू देणे नैतिक होते का, हा वाद अजून चालतो. प्रयोगामुळे कोणत्याही मुलाला घर मिळण्यापासून अडवायचे नाही अशी अट मुळातच होती, एवढे नमूद करायला हवे. तीन वर्षांखालच्या मुलांना कुटुंबातच ठेवावे, हे २००९ च्या तत्त्वांतले कलम अशा अभ्यासांच्या पार्श्वभूमीवर वाचायचे असते.

दैनंदिन काम

संगोपनात आलेले मूल कृतज्ञतेच्या भावनेने येत नाही. पहिले काही आठवडे ते गुणी असते. सांगितलेले ऐकते, मागत काही नाही. मग एक दिवस ताट भिरकावते, शिव्या देते, खिडकी फोडते. नवख्या कर्मचाऱ्याला वाटते, मूल बिघडले. अनुभवी माणूस ओळखतो की आता कुठे मुलाला आपली भीती उघड करण्याइतकी सुरक्षितता वाटू लागली आहे. ज्या मोठ्या माणसांवर विसंबले त्यांनी एकदा हात सोडला, तेव्हा हाही सोडणारच. मग तो कधी सोडतो ते आपणच ठरवावे, असा तो हिशेब असतो. अशा वेळी मुलाला दुसऱ्या ठिकाणी हलवले की हिशेब बरोबर ठरतो आणि पुढच्या जागी तीच परीक्षा अधिक कडक होते. बरीच मुले अशी चार-पाच घरे फिरतात. त्यांचे सामान कचऱ्याच्या पिशव्यांत भरून पाठवण्याची पद्धत अनेक देशांत वर्षानुवर्षे होती. मोठे झाल्यावर मारहाणीइतकीच ही पिशवी लक्षात राहिल्याचे सांगणारे पुष्कळ आहेत.

अन्न लपवणे ही अगदी नेहमीची गोष्ट. उपाशी राहिलेले मूल भरल्या स्वयंपाकघराच्या घरातही उशीखाली, बुटात, कपाटाच्या मागे काहीबाही साठवते. मुंग्या लागतात, वास येतो, आणि कुणीतरी चारचौघांत झडती घेते. उपाय उलटा आहे. मुलाच्या खाटेशेजारी खाऊचा एक डबा ठेवायचा, तो त्याच्यासमोर भरायचा, आणि तो कधीही रिकामा राहणार नाही हे पाहायचे. उपदेश करायचा नाही. बहुतेक वेळा काही महिन्यांत साठवणे आपोआप कमी होते. अंथरूण ओले होणे, दिवा मालवला की रडणे, अंघोळीला जाण्यास नकार यांमागेही बहुधा असेच काही घडलेले असते. रात्रपाळीला असलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल तर दिवसभराचे काम एका वाक्यात उधळले जाते. म्हणून पाळी बदलताना दिली जाणारी माहिती, कोण रडले, कुणाची भेट रद्द झाली, कुणी जेवले नाही, ही औषधांच्या नोंदीइतकीच महत्त्वाची.

याच्या नेमके विरुद्ध दिसणारे वर्तन म्हणजे पाहुण्याला पाहताच त्याच्या गळ्यात पडणारे मूल. भेट देणाऱ्यांना ते फार गोड वाटते. खरे तर कुणाही परक्याला बिलगणे हे कुणाशीच नाते न जुळल्याचे लक्षण असू शकते. पंधरा दिवस येऊन मुलांशी खेळून जाणारे हौशी स्वयंसेवक यात भरच घालतात; त्यांचा हेतू कितीही चांगला असो, मुलाच्या खात्यावर आणखी एक निघून गेलेला माणूस जमा होतो. स्वयंसेवकांनी छप्पर दुरुस्त करावे, हिशेब लिहावेत, किंवा मग वर्षानुवर्षे यावे.

चांगल्या व्यवस्थेत प्रत्येक मुलामागे एक मुख्य काळजीवाहक नेमलेला असतो. शाळेच्या बैठकीला तोच जातो, दवाखान्यात तोच नेतो, केस कापायला कधी जायचे हेही त्यालाच ठाऊक असते. अडचण अशी की या कामाला पगार कमी, रात्रपाळ्या जास्त आणि माणसे टिकत नाहीत. मुलांच्या वेदना ऐकून ऐकून काळजीवाहकालाही झोप न लागणे, चिडचिड, बधिरपणा असे त्रास होतात. त्यासाठी वरिष्ठांशी नियमित, खाजगी बोलणे ठरवून दिलेले असावे लागते. जिथे ते नसते तिथे माणसे एक तर सोडून जातात किंवा कोडगी होतात, आणि मुलांच्या दृष्टीने कोडगेपणा अधिक वाईट.

घरच्यांशी संबंध

भेटीच्या दिवशी आई आली की नंतर दोन रात्री मूल अंथरूण ओले करते, आणि भेटीच बंद करा अशी शिफारस फाइलीत येते. ही घाई असते. भेटीनंतरचे रडणे हा पुष्कळदा विरहाचा साधा परिणाम असतो. भेटीत धोका आहे का, हा प्रश्न निराळा आणि तो पुराव्याने सोडवायचा. आई ठरल्या वेळी आली नाही तर ती कामात असेल, असे रचून सांगू नये. आज आली नाही, का ते मला माहीत नाही, तुला वाईट वाटणे साहजिक आहे, एवढे पुरे. कुटुंबाशी भेट रोखणे ही शिक्षा म्हणून कधीही वापरू नये, असे २००९ ची तत्त्वे सांगतात. भावंडांची ताटातूट टाळणेही त्यांतच आले.

अत्याचाराची वाच्यता आणि संस्थांचा इतिहास

मूल आपल्यावरील अत्याचाराविषयी बोलते ते क्वचितच बोलावून घेतलेल्या बैठकीत. भांडी पुसताना, गाडीत मागच्या सीटवरून, दिवा मालवल्यावर बोलते, आणि बहुधा सुरुवात अशी करते: कुणाला सांगणार नाही ना? इथे हो म्हणणे हा या कामातला सर्वांत महागात पडणारा खोटेपणा. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना कळायलाच हवे त्यांना सांगावे लागेल, हे आधी सांगायचे. मग शांतपणे ऐकायचे, चेहऱ्यावर धक्का दिसू द्यायचा नाही, आणि उत्तर सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत. काकांनी केले का, असे विचारल्यास पुढे न्यायालयात मुलाचीच साक्ष कमकुवत होते. मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळ व तारीख घालून त्याच दिवशी लिहायचे आणि संरक्षणाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायचे. तपास करणे काळजीवाहकाचे काम नाही.

अत्याचार करणारा संस्थेतलाच असतो तेव्हा हा सगळा मार्ग बंद होतो. आयर्लंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने धार्मिक संघांनी चालवलेल्या शाळांमधला अनेक दशकांचा छळ उघड केला. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संस्थांत वाढलेल्यांची संसदेत जाहीर माफी मागितली. अशा चौकशांत पुन्हा पुन्हा दिसते की मुलांनी सांगितले होते. ज्याला सांगितले त्याने संस्थेची अब्रू आधी पाहिली. त्यामुळे संस्थेबाहेरचा तक्रारमार्ग, अचानक तपासणी आणि मुलांशी एकांतात बोलणारा बाहेरचा माणूस हे आता किमान निकष मानतात.

बाहेर पडणे आणि त्यानंतर

घरात वाढलेली मुले पंचविशीतही अडले की घरी फोन करतात. संगोपनातल्या मुलाला अठराव्या वाढदिवशी सामान बांधायला सांगणे ही जगभरची जुनी रीत, आणि घर नसणे, शिक्षण सुटणे, लवकर पालकत्व, तुरुंग यांचे प्रमाण या तरुणांत अधिक दिसते. अमेरिकेने २००८ च्या कायद्याने राज्यांना २१ वर्षांपर्यंत संगोपन वाढवण्यासाठी केंद्राचा निधी खुला केला. इंग्लंडमध्ये २०१४ पासून तरुणाला प्रतिपालक कुटुंबातच २१ वर्षांपर्यंत राहता येते, आणि सल्लागाराची मदत २५ पर्यंत मिळू शकते. भारतातील २०१५ च्या बालन्याय कायद्यात अठरा ते एकवीस वयोगटासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे.

तयारी चौदा-पंधराव्या वर्षी सुरू करावी लागते. स्वयंपाक व पैशांचे नियोजन शिकवणारे वर्ग बहुतेक ठिकाणी असतात. ओळखपत्र, जन्मदाखला, बँक खाते, लसीकरणाची नोंद ही कागदपत्रे हातात देणे मात्र राहून जाते आणि त्यावाचून भाड्याची खोलीही मिळत नाही. सणाला कुठे जायचे, आजारी पडल्यावर सोबत कोण, या प्रश्नांची उत्तरे वर्गात मिळत नाहीत. त्यासाठी जुन्या काळजीवाहकाचा फोन नंबर चालू असावा लागतो. नोकरी सोडल्यावर मुलांशी संपर्क ठेवू नये असा नियम काही संस्था करतात. गैरवापर टाळण्याचा तो उपाय समजण्यासारखा आहे, पण सरसकट लावल्यास तो या तरुणांची उरलीसुरली नाती तोडतो.

बरेच जण तिशी-चाळिशीत, स्वतःला मूल झाल्यावर, आपली फाइल मागायला येतात. त्यांना बहुधा साध्याच गोष्टी हव्या असतात: पहिला शब्द कोणता, चालायला कधी लागलो, आईने आणले की पोलिसांनी, भाऊ वेगळा का ठेवला. फाइलीत मात्र आक्रमक, खोटारडा, समायोजन नाही असे शेरे सापडतात, जे एका कर्मचाऱ्याने दमल्या दिवशी लिहिले आणि पुढच्या प्रत्येकाने उतरवून घेतले. यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी मुलाबरोबर बसून जीवनवही तयार करतात. तिच्यात फोटो, राहिलेल्या जागा, सांभाळणाऱ्या माणसांची नावे आणि घर सोडावे लागण्याचे खरे कारण मुलाला कळेल अशा भाषेत लिहिलेले असते. रोजची नोंदही थेट मुलाला उद्देशून, 'आज तू' अशी लिहिण्याची पद्धत काही संस्थांनी स्वीकारली आहे. जुनी फाइल देताना इतरांची नावे खोडलेली असतात आणि मजकूर तुटक दिसतो, म्हणून ती टपालाने न पाठवता माहीतगार कर्मचाऱ्याने सोबत बसून वाचून दाखवावी आणि नंतर काही दिवसांनी पुन्हा विचारपूस करावी, असा संकेत आहे.