फ्रेम टायमिंग (व्हिडिओ प्लेयर)

फ्रेम टायमिंग म्हणजे व्हिडिओतली प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, स्क्रीनवर कधी यायची नि किती वेळ थांबायची याचा हिशोब. मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात खरं तर हे समजवायला लागू नये, मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचे आणि शूटिंगला हात हळू पडला की पडद्यावर माणसं पळत सुटायची. आता हँडल कोडच्या हातात गेलंय एवढंच.

स्वतःचा प्लेयर लिहिणारे बहुतेक जण पहिल्यांदा इथंच आपटतात: सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ आहे ना, मग दर ३३ मिलिसेकंदाला एक फ्रेम दाखवायची. खरा आकडा ३३.३३. तासाभरात १,०८,००० फ्रेम होतात, म्हणजे टायमर अगदी चोख चालला तरी चित्र आवाजाच्या ३६ सेकंद आधी संपणार, आणि टायमर चोख चालत नाहीच, विंडोजवर त्याची टिक, म्हणजे घड्याळाचा एक टप्पा, मुळात साधारण १५.६ मिलिसेकंदांची असते. त्यामुळं आधीच्या फ्रेमपासून मोजायचंच नाही. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमला पीटीएस, म्हणजे दाखवायची वेळ, लिहिलेली असते, ती ऑडिओच्या घड्याळाशी ताडायची, फ्रेम मागं पडली असेल तर सोडून द्यायची, पुढं असेल तर थांबवायची. ऑडिओच का, तर एखादी फ्रेम गेलेली डोळ्याला कळत नाही पण आवाज जरा तुटला की कान लगेच पकडतो.

पीटीएसच्या जागी डीटीएस घेतला, जो डिकोड करायच्या, म्हणजे दाबून ठेवलेली फ्रेम उलगडायच्या, क्रमाचा असतो, तर बी-फ्रेम (पुढच्या फ्रेमचाही आधार घेणाऱ्या फ्रेम) असलेल्या फाइलीत चित्र मागं-पुढं नाचतं. टाइमबेसही बघा, म्हणजे फाइलीत एका सेकंदाचे किती टिक पाडलेत ते, ९०,००० चा असेल तर २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममध्ये ३६०० टिक पाहिजेत.

तपासायला खासबाग मैदानातली कुस्तीची क्लिप घ्यावी, पैलवान शड्डू ठोकतो तेव्हा हात मांडीवर पडणं आणि आवाज एकदमच यायला पाहिजे. आवाज साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला की जाणवतो, उशिरा आला तर १२५ पर्यंत खपून जातो. क्लिप संध्याकाळची मोबाइलवरची असेल तर सावध, कमी उजेडात फोन फ्रेमरेट स्वतःच उतरवतो, तिथं ठरलेला आकडा धरून चालणारा कोड हमखास गंडतो.

पंचगंगेच्या घाटावर कॅमेरा आडवा फिरवल्यावर येणारे बारीक हिसके मात्र बऱ्याचदा प्लेयरचा दोष नसतात. ६० हर्ट्झची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रिफ्रेश होते, त्याला व्हिडिओच्या २५ फ्रेमनं भाग जात नाही, मग काही फ्रेम दोन रिफ्रेश टिकतात, काही तीन. ५० हर्ट्झ लावून बघा, नाहीसं होतं.

पीटीएस, ऑडिओची वेळ आणि फ्रेम प्रत्यक्ष दिसली ती वेळ, तिन्ही लॉगमध्ये काढावं. फरक हळूहळू वाढत असेल तर गणित चुकलंय, मधेच उडी असेल तर डिकोडर (फ्रेम उलगडणारा भाग) किंवा डिस्क, आणि पहिल्यापासून तेवढाच राहत असेल तर आउटपुट बफर, म्हणजे बाहेर पडण्याआधी डेटा थांबतो ती जागा. मी लॉग न काढता दोन दिवस डिकोडर उसवत बसलो होतो, निघालं काय, तर आवाज ब्लूटूथ स्पीकरवर चालला होता, तिथं तो उशिराच पोचतो.