युरोपातील बीव्हर आणि पाणमांजर : पुनरागमन व व्यवस्थापन

युरोपातील नद्या, ओढे आणि दलदलींतून शिकार व विषारी रसायनांमुळे मोठ्या प्रमाणावर नाहीसे झालेले, आणि गेल्या शंभर वर्षांत पुन्हा पसरलेले दोन सस्तन प्राणी म्हणजे बीव्हर (कॅस्टर फायबर) आणि युरेशियन पाणमांजर (लुट्रा लुट्रा). दोघांची नावे नेहमी जोडीने घेतली जातात, पण स्वभाव अगदी वेगळे. बीव्हर हा वीस-तीस किलोंचा कृंतक, म्हणजे उंदीर-खारींच्या गणातला. तो साल, कोवळ्या फांद्या आणि पाणवनस्पती खातो, मासे नाही. पाणमांजर मात्र मासे, बेडूक आणि झिंगे यांवर जगते. हीच पाणमांजराची जात भारतातही हिमालयापासून दक्षिणेपर्यंत तुरळक आढळते. बीव्हर मात्र भारतात नाही. दोघांचे परतणेही वेगळ्या वाटांनी झाले. बीव्हरला माणसांनी पेट्यांत घालून परत आणले, तर पाणमांजर बहुतेक ठिकाणी पाणी निवळल्यावर आपणहून परतले.

ऱ्हास : बीव्हर मारला गेला तो मुख्यतः दाट मऊ फरसाठी, कारण तिच्यापासून टोप्यांचा नमदा होई. मांसही खाल्ले जाई. शेपूट खवल्यांची आणि वास्तव्य पाण्यात, म्हणून उपवासाच्या काळात त्याला माशांत धरण्याची सोय धर्मपंडितांनी करून ठेवली होती. शेपटीजवळच्या पिशव्यांतला उग्र वासाचा स्राव औषध म्हणून विकला जाई. बीव्हर वाळुंजाची साल खातो आणि तिच्यातील सॅलिसिलिक द्रव्ये या स्रावात उतरतात, तेव्हा औषधाची ख्याती अगदीच निराधार नसावी. १९०० च्या सुमारास युरोप आणि आशिया मिळून अंदाजे १,२०० बीव्हर उरले होते, तेही फ्रान्समधील ऱ्होन नदी, जर्मनीतील एल्ब नदी, दक्षिण नॉर्वे, बेलारूस-युक्रेनच्या दलदली, रशियातील व्होरोनेझ अशा आठ तुटक ठिकाणी. नॉर्वेने १८४५ मध्येच संरक्षण दिले, म्हणून तिथला साठा टिकला. स्वीडनने शिकारबंदी केली १८७३ मध्ये. तिथला शेवटचा बीव्हर १८७१ मध्येच मारला गेला होता.

पाणमांजराला मासेचोर ठरवून सापळे लावले गेले आणि इंग्लंडमध्ये शिकारी कुत्र्यांचे कळप घेऊन त्याची करमणुकीखातर शिकारही होई. तरी खरा घाव १९५० च्या दशकाच्या अखेरीस बसला. बियाण्याला चोळायच्या आणि मेंढ्यांना बुडवून काढायच्या द्रावणांत डिल्ड्रिन, आल्ड्रिन ही कीटकनाशके आली, ती ओढ्यांत उतरली, माशांच्या चरबीत साठली आणि मासे खाणाऱ्याच्या अंगात कितीतरी पटींनी वाढली. इंग्लंडमध्ये १९७७–७९ मध्ये २,९४० जागा तपासल्या गेल्या. पाणमांजराच्या खुणा सापडल्या १७० ठिकाणी, म्हणजे सहा टक्क्यांहूनही कमी. प्राणी निशाचर आणि बुजरा असल्यामुळे अशा पाहणीत तो दिसावा अशी अपेक्षाच नसते. पुलाखालचे दगड आणि ओढ्यांचे संगम धुंडाळून विष्ठा शोधतात. ती काळपट असते, माशांचे खवले व काटे तिच्यात स्पष्ट दिसतात, आणि तिचा वास अनुभवी मंडळींना चक्क जाईच्या फुलांच्या चहासारखा वाटतो.

बीव्हर परत आणणे : स्वीडनने १९२२ मध्ये नॉर्वेतून बीव्हर आणले, लॅटव्हियाने १९२७ मध्ये. फिनलंडमध्ये नॉर्वेतील बीव्हरांपाठोपाठ १९३७ मध्ये अमेरिकेतूनही काही आणले गेले. दोन्ही एकच जात असा तेव्हा समज होता. पुढे कळले की युरोपीय बीव्हरची गुणसूत्रे ४८ आणि अमेरिकी बीव्हरची ४०, आणि त्यांचा संकर होत नाही. फिनलंडमध्ये आज अमेरिकी पाहुण्यांचीच संख्या जास्त आहे. जर्मनीतील बव्हेरिया राज्यात १९६६ पासून बीव्हर सोडले गेले. ते इतके फोफावले की क्रोएशिया, रुमानिया, हंगेरी या देशांना पुढे बव्हेरियानेच बीव्हर पुरवले. नेदरलँड्सने १९८८ मध्ये एल्बचे बीव्हर बीसबॉश या गोड्या पाण्याच्या भरती-ओहोटीच्या दलदलीत सोडले.

सगळेच काही परवानगीने घडले नाही. २००३ मध्ये स्पेनच्या एब्रो खोऱ्यात १८ बीव्हर कुणीतरी परस्पर सोडले. सरकारने त्यांना पकडण्याचा खटाटोप केला, पण ते टिकले. स्कॉटलंडमधील टे नदीवरचे बीव्हरही सुटलेले किंवा गुपचूप सोडलेले. नॉर्वेचे बीव्हर आणून केलेला अधिकृत प्रयोग नॅपडेल येथे २००९ मध्ये सुरू झाला, तोवर टे खोऱ्यात त्यांचे बस्तान बसले होते. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील ऑटर नदीवर बीव्हरांचे मालक नसलेले कुटुंब सापडले तेव्हा सरकारने आधी ते हटवायचे ठरवले, पण विरोध झाल्यावर रोगतपासणी करून मार्च २०१५ मध्ये पाच वर्षांच्या प्रयोगासाठी परत सोडले. २०२० मध्ये त्यांना कायम राहण्याची मुभा मिळाली. चोरवाटेने आलेल्यांनी धोरण घडवले, हे संवर्धनवाद्यांनाही थोडे अडचणीचेच आहे. युरोप-आशियातील एकूण संख्या २०२१ च्या एका आढाव्यात किमान १५ लाख धरली आहे.

बांधाचे काम : बीव्हर बांध घालतो तो घराचे दार पाण्याखाली राहावे म्हणून. खोल नदीत त्याची गरज नसते, तिथे तो काठात बीळ करून राहतो. उथळ ओढ्यावर मात्र फांद्या, चिखल आणि दगड रचून तो पाणी अडवतो. आपल्याकडच्या वनराई बंधाऱ्याचीच ही जात, फरक इतकाच की हा बारमाही दुरुस्त होत राहतो. पश्चिम डेव्हनमधील एका कुंपणबंद जागेत २०११ मध्ये एक जोडी सोडली. तिथे जेमतेम दोनशे मीटर ओढ्यावर १३ तळी तयार झाली, त्यांत सुमारे दहा लाख लिटर पाणी साठले आणि वरच्या शेतांतून वाहून आलेला १०० टनांहून अधिक गाळ अडला. चेक प्रजासत्ताकातील ब्रडी संरक्षित क्षेत्रात जमिनीची मालकी आणि परवानग्या यांत सात वर्षे अडकलेले बंधारे बीव्हरांनी स्वतःच बांधून टाकले आणि सरकारचे सुमारे ३ कोटी कोरुना (चेक चलन) वाचल्याचे २०२५ च्या आरंभी जाहीर झाले. अशा तळ्यांत बेडूक आणि लहान मासे वाढतात, आणि त्यामागे पाणमांजर येते. बीव्हरने सोडून दिलेल्या घरांत ते मुक्कामही करते.

वाद आणि उपाय : हेच पाणी मक्याच्या शेतात शिरले की कौतुक संपते. बीव्हर सहसा पाण्यापासून वीसेक मीटरपलीकडे चरायला जात नाही, त्यामुळे जवळपास सगळी भांडणे या काठच्या पट्ट्यातली असतात. पट्टा नांगरायचा सोडून दिला तर निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत, पण तो सोडायचा कुणी आणि मोबदला काय, यावर घोडे अडते. बव्हेरियाची पद्धत सर्वांत मुरलेली म्हणता येईल. सल्ला, प्रतिबंध, भरपाई आणि शेवटी पकडणे किंवा मारणे, असा तिथला क्रम आहे. गावोगावी स्वयंसेवक बीव्हर-सल्लागार असतात. झाडांच्या बुंध्यांना तारेची जाळी बांधतात किंवा वाळू मिसळलेला रंग फासतात. बांध फोडला तर बीव्हर एका रात्रीत बुजवतो, म्हणून त्यात आरपार नळ टाकून पाण्याची पातळी हवी तिथे धरतात. नळाचे वरच्या बाजूचे तोंड बांधापासून दूर, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचे, कारण वाहत्या पाण्याचा आवाज आला की बीव्हर ते बुजवणारच.

नेदरलँड्सचा घोर निराळा आहे. पूर आला की बीसबॉशसारख्या भागातले बीव्हर कोरड्या उंचवट्याच्या शोधात निघतात, आणि सापडतो तो पूरसंरक्षक बांध. त्यात बीळ पडले तर वस्तीच धोक्यात. म्हणून काही ठिकाणी बांधात जाळी पुरतात आणि नदीपात्रात बीव्हरांसाठी मुद्दाम मातीचे उंचवटे करतात. पोलंडमध्ये २०१० च्या महापुरात गृहमंत्र्यांनीच पूरसंरक्षक बांध फुटल्याचा ठपका बीव्हरांवर ठेवला होता. बांधांच्या देखभालीचा हिशेब मागण्यापेक्षा ते सोपे होते. स्कॉटलंडने १ मे २०१९ पासून संरक्षण दिले आणि त्याच वर्षाअखेरपर्यंत टे खोऱ्यात परवान्याने ८७ बीव्हर मारले गेले. आरडाओरडा झाल्यावर आणि प्रकरण न्यायालयात गेल्यावर त्यांना पकडून इतरत्र सोडण्यावर भर आला.

पाणमांजराचे परतणे : विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, इंग्लंडमध्ये १९७८ मध्ये शिकार थांबली आणि पाणमांजर पश्चिमेकडून हळूहळू पसरत २०११ पर्यंत इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात पोचले. नेदरलँड्समध्ये मात्र शेवटचे पाणमांजर १९८८ मध्ये मोटारीखाली गेले. २००२ पासून पूर्व युरोपातून आणलेली पाणमांजरे वेरिबेन-वीडेन या दलदलीत सोडली गेली. त्यांची प्रजा वाढली, आणि मृत्यूचे मुख्य कारण आजही रस्तेच आहे. पाणमांजराला पुलाखालून पोहून जायला आवडत नाही. कोरडा काठ नसेल तर ते वर चढून रस्ता ओलांडते, म्हणून पुलाखाली फळीसारखी पायवाट आणि रस्त्याकडेला जाळी लावतात.

दुसरा संघर्ष मत्स्यतळ्यांचा. चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण बोहेमियातील त्रेबोन्य भागात शेकडो वर्षांची कार्प माशांची तळी आहेत. हिवाळ्यात मासे लहान तळ्यांत दाटीने ठेवलेले असतात आणि नेमके तेव्हाच पाणमांजर येते. चेक सरकार २००० च्या कायद्यानुसार भरपाई देते. पण खाल्लेल्या माशांपेक्षा घाबरून हालचाल केल्यामुळे हिवाळ्यात दगावणारे मासे जास्त, ही मत्स्यपालकांची तक्रार आहे. विजेचे कुंपण छोट्या तळ्याला परवडते, मोठ्याला नाही. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशानुसार, म्हणजे निसर्गसंरक्षणाच्या नियमानुसार, पाणमांजर कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तरीही ऑस्ट्रियातील काही प्रांतांनी मोजकी पाणमांजरे मारण्याची मुभा दिली आहे. बव्हेरियाने २०२३ मध्ये केलेला तसा नियम मात्र न्यायालयात टिकला नाही.